मुळशीच्या दऱ्यांत मोबाइल : समज, बातम्या आणि वस्तुस्थिती

मुळशी, प्रतिनिधी

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने ताम्हिणीच्या दिशेने निघाले, की भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत मोबाइलच्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या दिमाखात उभ्या असतात. पौड मागे पडते, मुळशीच्या जलाशयाची कड लागते आणि एकेक काडी गळू लागते. घाटात तर अनेक ठिकाणी हातातला महागडा हॅण्डसेट हा केवळ कॅमेरा आणि घड्याळ एवढाच उरतो. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी, माण आणि मारुंजीचा परिसर आहे. तेथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात जगभरातील बँका, विमा कंपन्या आणि दूरध्वनी कंपन्यांसाठी संगणकप्रणाली लिहिल्या जातात. एका तालुक्याच्या दोन टोकांना एकच वस्तू दोन निराळ्या मापांनी मोजली जाते, हे मुळशीइतके ठळकपणे क्वचितच दिसते.

नव्या उपकरणांविषयी प्रत्येकाचे काहीतरी ठाम मत असते. मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावू नये, भिजला तर तांदळात ठेवावा, विजा कडाडत असताना बंद करावा, साध्या फोनला रेंज चांगली मिळते, ही त्यांपैकी काही नेहमीची मते. सुशिक्षित मंडळी त्यांना सरसकट अंधश्रद्धा ठरवून मोकळी होतात. वास्तविक पाहता यातील बरीच मते एकेकाळी पूर्णपणे खरी होती. यंत्र बदलले आणि मत मात्र तसेच राहिले. याउलट, तंत्रज्ञानविषयक बातम्या बहुधा खऱ्याच असतात. पण त्या दुसऱ्याच कोणत्या तरी शहरासाठी खऱ्या असतात. या दोहोंच्या मध्ये ग्राहकाचा पैसा अडकतो आणि पावसाळ्यात कधीकधी जीवही. म्हणून हा संदर्भ लेख.

पहिली तंत्रज्ञानवार्ता

मुळशीत आधुनिक तंत्रज्ञानाची पहिली मोठी बातमी आली ती धरणाची. टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज पोचली होती. त्यानंतर मुळा नदी अडवून तिचे पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवायचे आणि कोकणात भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी योजना पुढे आली. जमिनी बुडणार असलेल्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली.

आजही ही वीज मुंबईच्या व्यवस्थेसाठी आहे आणि मुळशीतील घरगुती ग्राहक महावितरणचा आहे. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर धरणाचे पाणी उभे राहिले, त्यांच्या वारसांना वीज गेल्यावर मोबाइल चार्ज करण्यासाठी मोटारसायकलची बॅटरी शोधावी लागावी, यातील विसंगती येथील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. एखादे यंत्र 'चांगले' असे म्हटले, की ते कोणासाठी चांगले, हा प्रश्न या खोऱ्यात शंभर वर्षे जुना आहे.

मिस्ड कॉलचा जमाना

भारतात पहिले मोबाइल संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाचा दर १६ रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. येणारे कॉल मोफत झाले ते २००३ च्या मे महिन्यात. मोबाइल शहराबाहेर पडला तो खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

याच वर्षी नोकिया ११०० हा फोन आला. त्याला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदाही नव्हता. होते ते धूळ आत जाऊ न देणारे रबरी बटणफलक, हातातून न निसटणाऱ्या कडा आणि माथ्यावरची विजेरी. जगभरात या फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्या काळात शहरी स्तंभांत रंगीत पडद्याचे कौतुक चालले होते. वीज गेल्यावर गोठ्यात जाणाऱ्या माणसाने मात्र विजेरीला मत दिले. आजच्या अतिमहागड्या फोनमध्येही विजेरी असतेच, आणि तिचा वापर कॅमेऱ्याइतकाच होत असावा.

फोन करून न उचलताच तोडायचा आणि निरोप पोचवायचा, ही 'मिस्ड कॉल'ची पद्धतही त्याच काळातली. एक मिस्ड कॉल म्हणजे 'निघालो', दोन म्हणजे 'पोचलो', असे घराघरांत ठरलेले संकेत होते. कंपनीला एक पैसा न देता तिचे जाळे वापरण्याचा हा शोध कोणत्याही प्रयोगशाळेत लागलेला नव्हता.

बॅटरीची धास्ती

तंत्रज्ञानाची बातमी सामान्य घरात कशी शिरते, याचे उत्तम उदाहरण १४ ऑगस्ट २००७ चे आहे. त्या दिवशी नोकियाने 'बीएल-५सी' या बॅटरीविषयी जगभर सूचना जारी केली. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या चार कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापण्याची शक्यता होती. अशा सुमारे १०० घटना कंपनीच्या कानावर आल्या होत्या आणि कोणालाही गंभीर इजा झाली नव्हती. बॅटरीच्या पाठीवर छापलेला क्रमांक पडताळून ती बदलून मिळणार होती.

बातमी एवढीच होती. भारतात तिचे रूपांतर 'नोकियाचे फोन फुटतात' यात व्हायला एक रात्र पुरली. दुसऱ्या दिवशी दुकानांपुढे गर्दी झाली. ज्यांच्याकडे ही बॅटरीच नव्हती, तेही रांगेत होते. आजवर ३० कोटींहून अधिक 'बीएल-५सी' बनल्या आहेत आणि त्यांतील काही विशिष्ट काळातल्याच सदोष आहेत, हा तपशील सांगायला वेळ कोणाला होता? त्या दशकात ठरावीक क्रमांकावरून फोन आला, की हॅण्डसेटचा स्फोट होतो, अशी अफवाही देशाच्या काही भागांत फिरत होती. तिला या बातमीने आयते खतपाणी मिळाले.

तरीही त्या धास्तीतून एक चांगली सवय लागली. बॅटरी काढून तिच्या पाठीवरचा मजकूर वाचावा, एवढे ज्ञान घरोघरी पोचले. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि तो फोन विमानात नेण्यावर बंदी आली, तेव्हा ग्राहकाला बॅटरी काढून पाहण्याची सोयच नव्हती. ती आतच डकवलेली होती.

चार्जिंगविषयीची मते याच इतिहासातून आली आहेत. 'नवा फोन पहिल्यांदा आठ तास सलग चार्ज करा' आणि 'पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका', हे जुन्या दुकानदारांचे सल्ले निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळात योग्य होते. अर्धवट उतरलेली निकेल-कॅडमियम बॅटरी वारंवार चार्ज केली, की तिची क्षमता कमी झाल्यासारखी होई. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला हा नियम लागू नाही. उलट ती वारंवार शून्यावर नेणे तिच्या आयुष्याला घातक आहे. रात्रभर चार्जिंगला लावल्याने ती भरून वाहत नाही; पूर्ण भरल्यावर आतील मंडल पुरवठा थांबवते. तिचा खरा शत्रू उष्णता. उशीखाली, उन्हात मोटारीच्या काचेमागे किंवा चुलीशेजारच्या फळीवर चार्ज होणारा फोन लवकर म्हातारा होतो. रात्रभर चार्जिंगला लावू नये हे मत त्यामुळे अर्धे खरे आहे. मात्र त्याचे कारण निराळे.

तांदळाचा डबा

मुळशी हा आंबेमोहोराचा तालुका. येथील आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. साहजिकच भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवावा, हा जगभर पसरलेला सल्ला येथे विशेष आपुलकीने पाळला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीनेही ताम्हिणीच्या एका पावसाळी फेरीनंतर तो पाळला होता. फोन दोन दिवसांनी सुरू झाला. त्याच्या चार्जिंगच्या खाचेतून दुरुस्ती करणाऱ्याने काढलेली तांदळाची कणी मात्र आजही आठवते.

तांदूळ हवेतील ओलावा थोडाफार शोषतो, हे खरे. परंतु फोनच्या आत शिरलेले पाणी ओढून काढण्याची शक्ती त्याच्यात नाही. उघड्या हवेत, पंख्याखाली ठेवलेला फोनही साधारण तितक्याच वेळात वाळतो. शिवाय तांदळाचे पीठ आणि कण्या आत जातात, त्या वेगळ्याच. ॲपल कंपनीने तर २०२४ च्या आरंभी आपल्या सूचनांमध्ये भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, असे स्पष्टच म्हटले. फोन तत्काळ बंद करावा, चार्जिंगला लावू नये, खाच खाली करून हलकेच झटकावा आणि वाऱ्यावर ठेवावा, हा त्यातला व्यवहार्य मार्ग. पाणी स्वतः फारसे नुकसान करत नाही; पाणी असताना वाहणारी वीज आणि मागे राहणारे क्षार करतात.

'वॉटरप्रूफ' या शब्दानेही अनेकांची फसगत होते. जाहिरातीतील 'आयपी ६७' या संज्ञेतील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. ही चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ व स्थिर पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर झालेली असते. खाचरातले गढूळ पाणी, धबधब्याचा मारा आणि दोनदा दगडावर पडून कड सैल झालेला फोन यांना ती लागू नाही. त्यातही पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. फोनच्या आत पाणी लागताच रंग बदलणारी चिकटपट्टी असते. सेवाकेंद्रातील तंत्रज्ञ प्रथम तीच पाहतो. तेथे 'साहेब, फोन भिजलाच नाही' या युक्तिवादाचा उपयोग होत नाही.

रेंजचे गणित

'भारी फोन घेतला तरी गावाला रेंज नाही आणि आजोबांच्या जुन्या फोनला आहे', ही तक्रार पश्चिम मुळशीत नवी नाही. विक्रेता ती हसण्यावारी नेतो. शास्त्र मात्र आजोबांच्या बाजूने आहे.

मोबाइलच्या लहरी जितक्या लांब, तितक्या त्या डोंगराच्या कडेवरून अधिक वळतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीची, तर ५-जीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. पहिली खिंडीपलीकडे थोडीफार झिरपते. दुसरी डोंगराला धडकून संपते. दुसरे कारण फोनच्या स्वतःच्या आवाक्याचे. ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा जुना २-जी हॅण्डसेट गरज पडल्यास दोन वॉटपर्यंत शक्तीने टॉवरला साद घालू शकतो. ४-जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट. दरीतून हाक मारायची तर दमदार गळा लागतो, तसेच हे आहे.

पण येथेही काळ बदलला आहे. हा नियम जुन्या २-जी जाळ्यापुरताच खरा. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती थेट ४-जीवर. तिच्याकडे २-जी नाहीच. त्यामुळे केवळ बटणांचा आहे म्हणून एखाद्या 'साध्या' फोनला रेंज अधिक मिळेल, असे नाही. दिसायला जुना असलेला तो फोन आतून ४-जीच असू शकतो. दरीत राहणाऱ्या ग्राहकाने फोन घेण्यापूर्वी दोनच गोष्टी विचाराव्यात. आपल्या गावात कोणत्या कंपनीचे कोणते जाळे पोचते? आणि निवडलेला फोन ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे पकडतो काय? परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या फोनबाबत तर हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. मेगापिक्सेलची चर्चा त्यानंतर करावी.

पडद्यावरच्या काड्यांवरही फार विसंबू नये. किती संकेतशक्तीला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो. त्यामुळे शेजारच्याच्या फोनवर चार आणि आपल्या फोनवर दोन काड्या असल्या, तरी संकेत सारखाच असू शकतो. रेंज कमी असते तेथे फोन अधिक शक्ती खर्चून टॉवर शोधत राहतो. जलाशयाच्या काठी सहलीला गेलेल्यांची बॅटरी दुपारीच का संपते, याचे कारण यात आहे. घाटात शिरण्यापूर्वी फोन विमानप्रवासाच्या स्थितीत टाकला, की संध्याकाळच्या गरजेपुरती बॅटरी शिल्लक राहते. घरात ब्रॉडबॅण्डची तार आली असेल पण रेंज नसेल, तर वाय-फायवरून साधा कॉल करण्याची सोय २०१९-२० पासून देशात उपलब्ध आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ती एकदा सुरू करावी लागते.

टॉवर हवा, पण शेजारी नको

गावात रेंज हवी आणि घराशेजारी टॉवर नको, ही मागणी मुळशीच्या सोसायट्यांत आणि गावांत सारखीच ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले, तेव्हा ती बातमी मोठ्या मथळ्यांनी छापली गेली. 'कदाचित' या शब्दाला मात्र मथळ्यात जागा मिळाली नाही. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्या वर्गीकरणाचा अर्थ होता. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची कमाल मर्यादा किलोमागे १.६ वॉट आहे. बहुतेक फोनमध्ये *#०७# दाबले की हा आकडा दिसतो.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. डोक्याला चिकटलेला असतो तो फोन, टॉवर नव्हे. आणि टॉवर जितका दूर, तितका फोन मोठ्याने 'ओरडतो'. टॉवर गावाबाहेर हाकलून आपण कानाशी धरलेल्या उत्सर्जनात भरच घालत असतो.

विजा आणि इशारे

आकाशात विजा चमकू लागल्या, की मोबाइल बंद करण्याची पद्धत आहे. या समजाला २००६ साली वैद्यकीय प्रतिष्ठाही लाभली. लंडनमधील एका उद्यानात मोबाइलवर बोलताना वीज पडून एक मुलगी जखमी झाल्याचे पत्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलले. डॉक्टरांचे म्हणणे इतकेच होते, की वीज अंगावर पडली तर कानाशी धरलेल्या वस्तूमुळे इजा वाढू शकते. मोबाइल वीज ओढून घेतो, असे त्यांनी म्हटलेले नव्हते. त्याच्या क्षीण लहरींत तशी क्षमताही नाही. धोका असतो तो तारेला जोडलेल्या उपकरणांचा: चार्जिंगला लावलेला फोन, तारेचा दूरध्वनी, दूरचित्रवाणी संच. आणि सर्वांत मोठा धोका मोकळ्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली उभे राहण्याचा.

मुळशीकरांसाठी यातील महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. मुळशीच्या सीमेलगत, पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या भोवती २० व ४० किलोमीटरच्या परिघात विजांची शक्यता असेल, तर ते सावध करते. म्हणजे ज्या वस्तूला आपण विजेच्या भीतीने बंद करतो, तीच विजेपासून वाचवण्याचे साधन झाली आहे. अडचण एवढीच, की ॲपला इंटरनेट लागते आणि ज्या माळावर गुराखी असतो तेथे ते नसते. पाषाणपासून ताम्हिणीचा घाट हे अंतर मोटारीने दीड-दोन तासांचे. इशाऱ्याला ते कधीकधी पार करता येत नाही.

हा प्रश्न तात्त्विक नाही. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पुण्यातील कित्येक पावसाळ्यांत संपूर्ण हंगामात पडतो, त्याच्याशी तुलना व्हावी इतका हा एका दिवसाचा पाऊस. अशा दिवशी फोनचा पडदा किती इंची आहे, याला महत्त्व उरत नाही.

जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातील असंख्य मोबाइल एकाच वेळी भोंग्यासारखे वाजू लागले आणि पडद्यावर आपत्कालीन इशारा झळकला. फोन 'हॅक' झाला, अशा शंकेने अनेकांची धांदल उडाली. ती सरकारची चाचणी होती. या पद्धतीत टॉवर आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश देतो. इंटरनेट लागत नाही, क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. डोंगराळ तालुक्यासाठी ॲपपेक्षा हे तंत्र अधिक उपयोगाचे. फोनच्या सेटिंगमधील हे इशारे त्रासदायक वाटले म्हणून बंद करून ठेवले असतील, तर ते पुन्हा सुरू करावेत. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे जाळे पोचत असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, हेही घाटात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मराठीला दुप्पट भाडे

दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत बहुसंख्य लोक मराठी एसएमएस रोमन लिपीत लिहीत. त्यात इंग्रजीचा सोस होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० चिन्हे मावत. देवनागरीत केवळ ७०. काना, मात्रा, वेलांटी यांतील प्रत्येक खूण स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाई. तोच निरोप मराठीत पाठवला, की दोन संदेशांचे पैसे पडत. त्यातून 'ॲ' हे चिन्ह युनिकोडमध्ये आले तेच २००८ साली. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'सह्याद्रीच्या सुळक्याऱ्यांसारखा' कुठलाही ओढाताणीचा शब्द राहू द्या. पण अर्ध्या 'र'ची ही मराठी खूण जुन्या हॅण्डसेटवर धड उमटत नसे आणि तिच्या जागी रिकामे चौकोन दिसत. दऱ्यांच्या तालुक्याला 'दऱ्या' हा शब्द लिहिता येऊ नये, अशी ती अवस्था.

पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणासाठी मोठे काम केले. आता फोनवर बोललेले मराठी वाक्य आपोआप टंकलिखित होते. तरीही दुकानात फोन घेताना त्याच्यावर 'दऱ्या' आणि 'ॲप' हे दोन शब्द लिहून पाहावेत. अर्धा मिनिट लागतो आणि फोनच्या मराठीची परीक्षा होते.

'तू आयटीत ना?'

हिंजवडीतल्या अभियंत्याला गावाकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'अरे, तू आयटीत ना? मग कोणता मोबाइल घेऊ, सांग.' दिवसभर एखाद्या परदेशी बँकेच्या खातेवहीची प्रणाली दुरुस्त करणाऱ्या त्या बिचाऱ्याला फोनविषयी जितके ठाऊक असते, तितके इतर कोणालाही असते. तो संकेतस्थळावरील गुण पाहतो, प्रक्रियकाचा वेग पाहतो आणि स्वतः वापरतो तोच फोन सुचवतो. काकांना हवी असते मोठी अक्षरे, मोठा आवाज आणि दोन दिवस टिकणारी बॅटरी.

खरा जाणकार बाजारपेठेत दोन बाय चारच्या गाळ्यात बसलेला असतो. कोणत्या फोनची चार्जिंगची खाच चिखलाने लवकर खराब होते, कोणाचा सुटा भाग मिळतो, कोणाचा पडदा फोनच्या निम्म्या किमतीचा आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. फोन विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला आधी विचारावे, असे या प्रतिनिधीचे मत आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले आणि वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देणे उत्पादकांना बंधनकारक होत आहे. बॅटरी काढून तिच्या पाठीवरचा क्रमांक वाचण्याची २००७ सालची सोय अशा वळणाने परत येत आहे.

खरेदी आणि तक्रार

स्वस्तातल्या वस्तूंचा मोह जुनाच. दोन सिमकार्डे, कर्कश लाउडस्पीकर आणि टीव्हीची अँटेना असलेले 'चायना मोबाइल' एकेकाळी आठवडे बाजारात मिळत. त्यांपैकी अनेकांना प्रत्येक हॅण्डसेटची ओळख असलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांकच नव्हता. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर अशा फोनची सेवा देशभर बंद करण्यात आली आणि असंख्य लोकांच्या हातात शोभेची वस्तू उरली. आजही फोन घेताना *#०६# दाबून दिसणारा क्रमांक खोक्यावरील आणि पावतीवरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा. फोन हरवला तर पोलिस तक्रारीसह हाच क्रमांक 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर नोंदवून तो देशभर बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून सर्वत्र आहे.

चार्जर आणि पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह आणि त्याखालील 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहावा. ब्यूरोच्या ॲपवर तो पडताळता येतो. गावाकडे विजेचा दाब वरखाली होत असताना स्वस्त चार्जर हा फोनपेक्षाही घराला अधिक धोकादायक ठरतो. फ्रिज व वातानुकूलन यंत्रांवरील ऊर्जाबचतीचे तारे २०१० पासून सक्तीचे आहेत. त्यांबाबत तारे मोजताना लेबलवरील वर्षही वाचावे, कारण निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुने पाच तारे नव्या हिशेबात कमी भरतात.

वस्तू सदोष निघाली, तर पुणेकर ग्राहकाला स्वतःचीच परंपरा आठवावी. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच केली आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा चळवळींचे बळ होते. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील सर्वांत उपयुक्त बदल म्हणजे कंपनीचे कार्यालय कोठेही असो, ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. ताम्हिणीतील ग्राहकाला ऑनलाइन घेतलेल्या फोनसाठी बेंगळुरू किंवा गुरुग्रामला जावे लागत नाही. पुणे जिल्हा आयोग पुरतो. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. (खोपोलीची वीज मुंबईला पोचली ते वर्षही हेच, योगायोग, दुसरे काही नाही.) पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. न मिटल्यास जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते. सोबत जीएसटीची पावती, वॉरंटी कार्ड, सेवाकेंद्राने दिलेला जॉबशीट आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो. सेवाकेंद्रात फोन देताना जॉबशीटवर बिघाडाचे वर्णन आपल्या शब्दांत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत हाती आल्याशिवाय काउंटर सोडू नये.